दुपार कुणाच्या बापाची?

कॉलेजच्या गावात चार तास मोकळे मिळाले तर काय करावं, हा पांढरपेशांच्या जगातला मोठा प्रश्न आहे. उत्तरं ठरलेली. नदीकाठी जा. जुना वाडा बघा. देऊळ बघा. अमक्या खानावळीत मासे खा, तमक्याकडं मिसळ खा, आणि संध्याकाळची एस.टी. धरा. महाडाबद्दल विचारलं तर सांगतात, रायगडाची वाट तिथनं जाते, बाकी गावात बघण्यासारखं काही नाही. एक तळं आहे म्हणतात.

एक तळं आहे म्हणतात!

दोस्तहो, ह्या ‘म्हणतात’वर मला बोलायचंय. ज्याला चवदार तळं हे वेळ घालवायचं ठिकाण वाटतं आणि तेही दुय्यम, त्याला दुपार फुकट मिळालेली असते. त्याच्या बापाला मिळाली, आज्याला मिळाली. जेवण झालं, पान लावलं, लोडाला टेकला, पोथी काढली नाहीतर वर्तमानपत्र काढलं. ह्या देशात दुपार ही मालमत्ता आहे. शेतासारखी, वाड्यासारखी ती वारसानं उतरते. आमच्या बापजाद्यांच्या सातबाऱ्यावर जमीन नव्हती तशी दुपारही नव्हती. भर उन्हात मेलेलं ढोर ओढायचं, लाकूड फोडायचं, सांगावा घेऊन गावोगाव पळायचं. येसकराला कुठली आली वामकुक्षी?

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. पहिली पाळी सुटली की दुपार हातात येते, पण ती दुपार नसते. डोक्यात अजून चात्या फिरत असतात, नाकात कापूस असतो, पाय सुजलेले असतात. आठवड्याची सुट्टी कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी. जगाची सुट्टी रविवारी. म्हणजे मला सुट्टी असते तेव्हा दोस्त कामावर, आणि दोस्त मोकळे तेव्हा मी फ्रेमवर. अशी तुकडे केलेली दुपार आमच्या हातावर ठेवतात आणि वर विचारतात, तुम्ही लोक वाचत का नाही?

तर पहिल्यांदा हिशोब हा, की ही तुकड्याची दुपार तरी आली कुठनं? आभाळातनं पडली नाही. मालकानं दया येऊन दिली नाही.

नारायण मेघाजी लोखंडे. जोतीरावांचा सहकारी, सत्यशोधक. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना गोळा करून त्यानं आठवड्याची सुट्टी मागितली. मिळायला १८९० चा जून उजाडला. त्याआधी गिरणीतल्या माणसाला वार नव्हता, फक्त भोंगा होता. आज जो बाबू रविवारी आळोखेपिळोखे देत उठतो त्याला ठाऊक तरी आहे का, की त्याच्या रविवारावर एका माळ्याच्या पोराची सही आहे?

दुसरा हिशोब बाबासाहेबांचा. आपली पोरं पोस्टरावर लिहितात की बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले. पोरांनो, खरा आकडा सांगा. खरा आकडा काही लहान नाही. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यात बारमाही कारखान्यासाठी आठवड्याला ५४ तास होते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना विधेयक आलं आणि १९४६ च्या दुरुस्तीनं ते ४८ झाले. आठवड्याला सहा तास. फुगवून सांगितलं की शत्रूला एक भोक सापडतं, त्यातनं तो सगळं वाहून नेतो. सहा तास म्हणजे किती ते आम्हाला विचारा. सहा तासांत एक पुस्तक अर्ध होतं. एक सभा होते. पोराला पाढे शिकवून होतात.

आणि आता तेच तास परत मागायला लागलेत. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला रोजचा कमाल वेळ नऊ तासांवरून बारा तासांवर न्यायला मंजुरी दिली. म्हणाले, आठवड्याचे ४८ कायमच आहेत, जास्तीच्या कामाला कामगाराची लेखी संमती लागेल. संमती! खात्यात साहेब समोर उभा, बाहेर फाटकावर बदली कामगारांची रांग उभी, आणि कागद पुढं सरकवलेला. त्या कागदावर कुणी ‘नाही’ लिहिलंय का आजवर? बारा तास फ्रेमवर उभा राहिलेला माणूस घरी येतो तो झोपायला. त्याची दुपार गेली, संध्याकाळ गेली, सभा गेली, वाचन गेलं. चळवळीवर बंदी घालायची गरजच उरत नाही. माणूस थकवला की झालं.

ही झाली वेळेची गोष्ट. आता जागेची.

वेळ मिळाली तरी बसायचं कुठं? फुकट, कुणी न हुसकता, पूर्ण नाव न सांगता बसायची जागा कुठल्या गावात आहे? कॉलेजच्या गावाची हीच तर शान सांगतात. बाग आहे, वाचनालय आहे, कट्टा आहे, चहाची टपरी आहे, झाडाखाली पोरं चर्चा करतात. छान. पण त्या कट्ट्यावर कोण बसतं आणि कट्ट्यासमोरचा रस्ता कोण झाडतं, हे बघितल्याशिवाय मी कुठल्याच गावाला सुंदर म्हणायला तयार नाही.

महाड ह्याच प्रश्नावर पेटलं. पाण्यासाठी पेटलं असं पुस्तकात लिहितात. ते खरं, पण अर्धं. १९२३ च्या ऑगस्टात सी. के. बोल्यांनी मुंबई कायदेमंडळात जो ठराव मंजूर करून घेतला तो नीट वाचा. त्यात नुसतं पाणी नाही. सरकारी पैशानं बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा. शिवाय सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, कोर्ट, दवाखाने. म्हणजे माणसाला गावात जिथं जिथं जावं लागतं, थांबावं लागतं, बसावं लागतं, ती सगळी जागा. माझ्या मते तो मोकळ्या दुपारीचा ठराव आहे. गावात आल्यावर माणसासारखं थांबता यावं एवढंच त्यात मागितलंय.

१९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तोच ठराव आपल्यापुरता करून तळं खुलं केलं. कागदावर. कागद कोरडा, तळं भरलेलं, आणि बाजाराला आलेला आपला माणूस तहानलेला.

आता रामचंद्र बाबाजी मोऱ्यांचं नाव घ्या. किती जणांना माहीत आहे? दासगावचं पोर. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेनं दार लावलं, तर पोरानं वर्तमानपत्रात लिहून ते दार उघडायला लावलं. त्याच माणसानं पुढं महाडच्या बाजारात आपल्या माणसांसाठी चहाचं दुकान चालवलं. खेड्यापाड्यातनं लाकूडफाटा, गवत घेऊन आलेली माणसं तिथं टेकायची. तिथं बोलणं व्हायचं. १९२७ ची परिषद भरवायला जे हात राबले त्यात हा माणूस पुढं होता. नंतर तो कम्युनिस्ट झाला म्हणून आपल्यातले काही त्याचं नाव गिळतात, आणि तो महार म्हणून त्यांच्यातले काही गिळत होते. दोन्हीकडनं गिळलेला माणूस! पण माझा मुद्दा दुसराच आहे. क्रांतीला आधी बसायला जागा लागते. भाषणाच्या आधी चहा लागतो. चार माणसांनी चार तास एका ठिकाणी बसून आपल्या दुःखाची बेरीज केली की परिषद जन्माला येते. जे म्हणतात नुसतं बसून काय होतं, त्यांनी त्या चहाच्या दुकानाचा हिशोब मांडावा.

१९ आणि २० मार्च १९२७. परिषदेला दोनअडीच हजारांवर माणूस. त्यांना प्यायला चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं, गावात भरलेलं तळं असताना. तेव्हाचे चाळीस रुपये! २० तारखेला रांगेनं माणसं तळ्यावर गेली, बाबासाहेबांनी ओंजळ घेतली, सगळ्यांनी घेतली, शांतपणे मांडवात परत आली. परत येऊन काय करत होती? जेवत होती. गावोगावची वाट धरायच्या आधी भाकरी खात होती. एवढीच ती मोकळी दुपार. तेवढीही गावाला बघवली नाही. अफवा उठवली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. काठ्या घेऊन टोळ्या मांडवात घुसल्या, अन्न मातीत कालवलं, बायापोरांना झोडपलं, वाटेवर गाठून मारलं. मग तळ्यात शेणमुताच्या १०८ घागरी ओतून तळं शुद्ध केलं. आमच्या ओंजळीनं बाटलेलं तळं गाईच्या मुतानं शुद्ध होतं, ही ह्यांची संस्कृती. आणि ह्या संस्कृतीच्या खुणा बघत दुपार घालवा म्हणतात!

पुढं ऑगस्टात नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. डिसेंबरात सवर्ण कोर्टात गेले, म्हणाले तळं खाजगी आहे, वहिवाट आमची आहे. तात्पुरता मनाईहुकूम आणला. सभेला जागा कुणी देईना तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानानं आपली जमीन दिली. हे नाव पाठ करा, कारण आज ते पुसायची घाई कुणाला आहे ते तुम्ही जाणता. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. तो ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते, हेही पाठ करा. आपलं भांडण रक्ताशी नाही. मग कोर्टात सव्वानऊ वर्षं. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं सवर्णांचं अपील फेटाळलं. अनादी काळापासूनची वहिवाट त्यांना सिद्धच करता आली नाही. हजारो वर्षांची म्हणून मिरवलेली रूढी पुराव्याला उभी केली तर टिकली नाही.

आणि मग संविधान. कलम १५ चा दुसरा भाग काढून बघा. दुकानं, उपाहारगृहं, करमणुकीच्या जागा. विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा. त्या ‘तलाव’ शब्दावर बोट ठेवा. मी तो शब्द वाचतो तेव्हा मला महाड दिसतं.

आता आजच्या कॉलेजच्या गावात या. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की बाकीची गावं सुटल्यासारखं होईल. वाचनालयात गेलो. टेबलामागच्या गृहस्थानं चष्म्यावरनं बघितलं. काय पाहिजे? वाचायचंय. सभासद आहेस? व्हायचंय. नाव? सांगितलं. पूर्ण नाव? सांगितलं. गाव कुठलं? गावात कुठं राहायला? बघा, नाव, आडनाव, गाव, गल्ली. चार पायऱ्यांत माणूस बरोबर जातीच्या उंबऱ्याशी आणून सोडतात, आणि एकही शब्द कायद्याबाहेरचा नाही. शेवटी म्हणाला, दोन प्रतिष्ठित सभासदांच्या सह्या आण. प्रतिष्ठित! गिरणीत माझ्या हाताखालनं रोज मैलोगणती सूत जातं, त्या सुताचे कपडे गाव घालतं, आणि माझ्या प्रतिष्ठेला दोन सह्या कमी पडतात.

हेच १९२४ चं महाड आहे. तळं खुलं आहे, प्या की! कोण नाही म्हणतंय? फक्त पोचायच्या वाटेवर चार डोळे बसवलेत.

पण त्या टेबलामागच्याला एक गोष्ट विचारायची राहून गेलीय ती आपण विचारायची. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयाला सरकारचं अनुदान मिळतं. अनुदान म्हणजे आपल्या काडीपेटीवरचा, चपलेवरचा कर. सरकारी पैशानं चालतं म्हणजे ते तळं झालं. बोल्यांच्या ठरावानं झालं, कलम १५ नं झालं. वाचनालयाची खुर्ची हे आजचं चवदार तळं आहे आणि ती बहुतेक दुपारी रिकामी असते, हा ह्या गावांचा गुन्हा आहे. पुस्तकं कुलपात, खुर्च्या रिकाम्या, पंखा फिरतोय, आणि पोरगं बाहेर उन्हात.

बाबासाहेबांना वेळेची आणि जागेची ही गाठ कळली होती. १९४५ ला त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. सकाळचे वर्ग ठेवले, की नोकरी करणाऱ्या पोरानं शिकून कामावर जावं. घड्याळच आपल्या बाजूला वळवलं! पुढं औरंगाबादला मिलिंद. त्या नागसेनवनातल्या झाडांखाली, वसतिगृहाच्या खोल्यांत पोरांना पहिल्यांदा दुपारी मिळाल्या, आणि त्या दुपारींतनं लेखक निघाले, अस्मितादर्श निघालं. १९६१ ला त्याच सोसायटीनं महाडात बाबासाहेबांच्या नावाचं कॉलेज काढलं. ज्या गावात मोऱ्यांच्या तोंडावर शाळेचं दार लावलं, त्या गावात! महाडात बघण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्याला हे दार कुणी दाखवत नाही.

गावाजवळची गांधारपाल्याची लेणीही दाखवत नाहीत. दाखवली तर पांडवलेणी म्हणून. डोंगरात खोदलेली बौद्ध लेणी, आणि त्यांवर पांडवांची पाटी. पांडवांना वनवासात एवढे डोंगर फोडायला वेळ कुठनं मिळाला, हे कुणी विचारत नाही. आमचं तळं खाजगी, आमची लेणी पांडवांची. चोरी अशी नावानं सुरू होते.

इथवर शत्रूला झोडलं. आता आपल्या घरात या, कारण इथं टाळ्या मिळणार नाहीत.

२० मार्चला आपण महाडात जातो. गाड्या भरून जातो. तळ्यावरच्या पुतळ्याला हार घालतो, मोबाईलवर फोटो काढतो, भाषणं ऐकतो. कुठल्या गटाचा मंच मोठा ते बघतो आणि रात्री परत. एका दिवसाचं महाड. बाकीचे ३६४ दिवस ते गाव कुणाचं असतं? त्या कॉलेजात आपली पोरं कशी शिकतात, शिष्यवृत्ती वेळेवर येते का, वसतिगृहात पाणी असतं का, किती जणांनी हे विचारलं? तळ्याच्या काठावर दोन तास शांत बसून किती जणांनी तो कोर्टाचा निकाल वाचला? दोस्तहो, तीर्थयात्रा त्यांनी करावी ज्यांना पुण्य पाहिजे. आपल्याला हक्क पाहिजे. हक्क रोज वापरला नाही की त्याच्यावर परत कुणाची तरी वहिवाट लागते.

आणखी एक बोचरी गोष्ट. मोकळ्या दुपारी चळवळ करणाऱ्या गड्यांनो, तुमची दुपार कुणाच्या पाठीवर उभी आहे? तुम्ही नाक्यावर मनुस्मृती जाळायच्या गप्पा मारता तेव्हा घरी भांडी कोण घासतं? आई लोकांच्या चार घरची धुणीभांडी उरकून दुपारी येते आणि चूल पेटवते. बहीण नळावर रांगेत. १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेब महाडात बायांशी वेगळं बोलले होते. त्या काय नुसत्या पाणी भरायला आल्या होत्या? मनूनं बाईची दुपार शूद्राच्याही आधी खाल्लीय. जो आपल्या घरातल्या बाईला आठवड्याची एक दुपार देऊ शकत नाही, त्यानं माझ्याशेजारी उभं राहून बारा तासांविरुद्ध घोषणा देऊ नये. माझ्या आवाजाला लाज वाटेल.

गिरण्यांची एक जुनी गोष्ट सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणजे थुंकी लागणार, म्हणजे बाटणार. पगार तिथंच जास्त. सवर्ण कामगार लाल बावटा खांद्यावर घेऊन ही शिवाशिव पाळत होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे तोंडावर विचारलं. तोच प्रश्न उलटा फिरवून आपण स्वतःला विचारायचा. हक्काच्या झेंड्याखाली आपण कुणाला बाजूला ठेवलंय? उत्तर चुलीशी बसलंय.

मग करायचं काय? मोर्चा काढूच, पण मोर्चाच्या अलीकडं एक साधं काम आहे. ज्या गावात कॉलेज आहे तिथं आपली चार पोरंपोरी आहेतच. कुणी शिकतंय, कुणी हमाली करतंय, कुणी माझ्यासारखं गिरणीत. सुट्टीचे वार जुळवा. जुळत नसतील तर पाळ्या लावा. पाळ्या लावायला आम्ही गिरणीवाले तुम्हाला शिकवू. आठवड्याची एक दुपार गावातल्या अनुदानित वाचनालयात जाऊन बसा. सभासदत्वाचा अर्ज मागा. दोन सह्या मागितल्या तर तो नियम कुठं छापलाय ते दाखवा म्हणा. नकार दिला तर नकार लेखी मागा. लेखी देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. २००५ चा कायदा आहे, दहा रुपये लागतात. चाळीस रुपयांचं पाणी विकत घेतलेल्या माणसांची आपण नातवंडं, दहा रुपये जड नाहीत.

आत गेलात की गुपचूप बसू नका. फॅक्टरी कायदा मागा. महाडचा इतिहास मागा. नसेल तर मागणीच्या वहीत लिहा. दर आठवड्याला लिहा. एक दुपार आईला घेऊन जा. तिला वाचता येत नसेल तर तुम्ही वाचा, तिनं ऐकावं. पंख्याखाली बसून ऐकावं. कुणी म्हणेल, इथं मोठ्यानं वाचायचं नाही. तर बाहेर पायरीवर बसून वाचा, पायरीपण अनुदानातच येते.

आणि कुणी विचारलं, इथं काय काम आहे तुमचं, तर सांगा, काही काम नाही. आज सुट्टी आहे. बसलोय.

जयभीम.